उणे दोन

शिल्पाने पेपर टेबलावर असा आपटला की गिरधर सरांच्या कपातला चहा बशीत सांडला. तिची मुलगी मृणाली शिक्षक-खोलीच्या दाराशीच थांबली होती.

“सर, माझी मुलगी माफी मागणार नाही.”

सरांनी बशी बाजूला सरकवली. काल आठवीच्या भर वर्गात मृणालीने त्यांना ‘तुमचं उत्तर चूक आहे’ म्हटलं होतं. सरांनी लगेच फर्मान काढलं: सगळ्यांसमोर माफी, नाहीतर स्कॉलरशिपच्या तासाला बसायचं नाही. पोरगी रात्री जेवली नाही. म्हणून पोस्टातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून शिल्पा साक्रीतल्या या शाळेत थडकली होती, तिच्या स्वतःच्याही शाळेत. सरांनी तिला ओळखलंच नव्हतं.

“ताई, आधी गणित वाचा. वडील अडतीस वर्षांचे, मुलगी अकराची. किती वर्षांनी वडिलांचं वय मुलीच्या चौपट होईल? उत्तर दोन. ही लिहिते उणे दोन. वर्षं कधी उणे असतात का?”

“ताळा करून बघा ना! दोन वर्षांनी बाप चाळीस, मुलगी तेरा. तेरा चोक बावन्न. कुठे चाळीस आणि कुठे बावन्न!” शिल्पाचा आवाज चढला. “आता दोन वर्षांपूर्वीचं बघा. छत्तीस आणि नऊ. नऊ चोक छत्तीस. चौपट कधीच होऊन गेलं, सर. उणे दोन म्हणजे तेच.”

सरांनी पुटपुटत आकडे मांडले. पुन्हा मांडले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण माणूस हटेल तर शपथ.

“वर्षानुवर्षं हेच गणित घालतोय मी. एकाही पोरानं उणे उत्तर आणलं नाही.”

“मी आणलं होतं. ह्याच शाळेत, आठवीत. तुम्ही डस्टर फेकून मारलं, मग मी ते उणे खोडलं.”

सरांनी चष्मा सावरून तिचा चेहरा निरखला.

त्या दिवसापासून शिल्पाने गणिताचा धसका घेतला होता. सायन्सचं नाव काढलं नाही, मुलगी गणिताला बसली की ती उठून स्वयंपाकघरात जायची. काल रात्री मृणालीने ताळा करून दाखवेपर्यंत तिला वाटत होतं, आपलंच डोकं कच्चं.

सरांनी लाल पेन उघडलं. उत्तरावरची फुली गिरगटून झाकली, शेजारी दोन गुण लिहिले आणि पेपर मृणालीकडे दिला.

“माफीचं राहू दे. जा बेटा, तासाला बस.” मग शिल्पाकडे न बघता म्हणाले, “झालं ना समाधान?”

मृणाली वर्गाकडे पळाली. शिल्पा जागची हलली नाही. एवढा वेळ सांभाळून बोललेली शाळेची मराठी सुटली आणि तिच्या तोंडी घरची बोली आली.

“अन् मना?” स्वतःकडे बोट दाखवत ती म्हणाली. “मना बी दोन मार्क शेतस तुमनाकडे.”