हौसापुढची ढाल

मित्रांनो, माझ्या अंगाला वीस बाजू आहेत आणि सातच्या आकड्यातला रंग केव्हाच उडालाय, त्यावरूनच माझं वय ओळखा. मी डोंबिवलीतल्या सौमित्रचा जुना, निळा फासा. तो कॉलेजात असताना मला घरी घेऊन आला.

दर रविवारी मित्रांसोबत चटईवर बसून तो लढाईचा खेळ खेळायचा. प्रत्येकाचं एक पात्र, कागदावर त्याचं नाव आणि मोजके श्वास लिहिलेले; वार लागला की श्वास कमी, संपले की पात्र मेलं. वार लागला की हुकला, ते माझ्या दानावर ठरायचं. वीस पडले की मला डोक्यावर घ्यायचे, एक पडला की दृष्ट उतरायला खडेमिठाच्या बरणीत टाकायचे. ढाल धरली तर त्या फेरीत वार करता येत नाही, म्हणून सौमित्र ढालीच्या वाटेलाच जात नसे. पुढे नोकरी लागली, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकने त्याच्या संध्याकाळी खाल्ल्या, रविवार झोपेत गेले आणि मी बारा वर्षं खणात पडून राहिलो. फार वाईट वाटायचं मला.

त्याच्या दहा वर्षांच्या लेकीने, अंतराने, मला बाहेर काढलं. तिने गंगू नावाची वैद्य तयार केली, झोळीतल्या औषधांची यादीसुद्धा लिहिली. पहिल्याच लढाईत बाबा सवयीने शत्रूवर धावून गेला. मागे एकटी राहिलेली गंगू मेली. मेलेल्या पात्राचा कागद फाडायचा, असा या घरचा नियम. अंतराने तो स्वतःच्या हाताने फाडला आणि दोन महिने खेळायला बसली नाही. खेळात शत्रूची बाजू चालवणाऱ्या अपूर्वमामाने खूप समजूत काढली, तेव्हा कुठे ती गंगूची धाकटी बहीण हौसा घेऊन आली.

गेल्या रविवारी हौसाचा एकच श्वास उरला होता. अपूर्वचा राक्षसही घायाळ झाला होता. पाळी सौमित्रची. पंधरा किंवा जास्त पडले तर राक्षस संपणार, नाहीतर त्याचा वार हौसावर. अंतराने कागदावर हात ठेवला होता. सौमित्रने मला मुठीत घोळवलं. मग त्याने मला न टाकताच अपूर्वसमोर ठेवलं.

"ढाल धरतो," तो म्हणाला. "हौसाच्या पुढे."

"अरे, मारलंस तर आत्ताच संपेल ना."

"आणि नाही पडलं तर?"

ढालीमुळे आता राक्षसाला सतरा हवे होते. अपूर्वने मला टाकलं. मी गडगडलो, अडखळलो आणि सोळावर थांबलो. सोळा पडले म्हणून उभ्या आयुष्यात कोणी माझा मुका घेतला नव्हता. अंतराने घेतला. मग हौसाने स्वतःच्या जखमेवर लेप लावला, दोन श्वास वाढवले.

"आता तू मार, बाबा," अंतरा म्हणाली. "मी आहे मागे."

त्या वाराला मी तीनवर पडलो. कोणी रागावलं नाही, मिठाची आठवणही कोणाला झाली नाही.

मित्रांनो, जुन्या फाशाला खणात टाकू नका, एवढं मागणं तर आहेच. पण मला उचलण्याआधी शेजारच्याच्या कागदावर किती श्वास उरलेत, ते एकदा विचारा. दान काय पडेल ते मलासुद्धा ठाऊक नसतं.