दिवट्याचा मातृगौरव

मुलांना शिवणकाम शिकवण्यात मास्तरीणबाईंचा जन्म गेला. नोकरी संपली आणि सख्ख्या मुलानं त्यांना घराबाहेर काढलं. घर लाटलं ते लाटलं, दाराला नवं कुलूप ठोकलं, आणि वर सांगत सुटला, "आईला एकटीनं राहायला आवडतं." आवडतं म्हणे! बाई आधी बहिणीच्या जावेकडे राहिल्या, मग बसस्थानकाच्या बाकावर.

शेवटी एका संस्थेनं त्यांना खोली दिली. तिथे बेघर म्हातारी माणसं आणि वय उलटलं म्हणून अनाथाश्रमानं वाटेला लावलेली पोरं शेजारी शेजारी राहत. दोन खोल्यांत एक स्वयंपाकघर. बाईंच्या वाट्याला एक पोरगी आली, कडेवर तान्हं घेऊन.

"बेशिस्त," बाई म्हणाल्या.

"खडूस," पोरगी म्हणाली.

पण एकीला ताप आला की दुसरी उशाशी बसे.

एका दुपारी चिरंजीव उगवले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात सफरचंदं, जिभेवर साखर. स्वारी सोसायटीच्या अध्यक्षपदाला उभी होती. मतांसाठी ‘मातृगौरव’ समारंभ ठेवला, तर लोक विचारू लागले, तुमची आई कुठाय?

"आई, संध्याकाळपुरती चल. पहिल्या रांगेत बसायचं. संपलं की मी स्वतः इथे आणून सोडतो."

"आणून सोडतोस? केवढे उपकार!"

त्याला ते कौतुकच वाटलं. निर्लज्जम् सदासुखी!

"आजी, या माणसाबरोबर जाताय?" पोरगी भडकली.

"जेवण आहे ना रे?" बाईंनी मुलाला विचारलं आणि ठेवणीतले कपडे काढले.

समारंभात मुलगा मातृप्रेमावर असा काही पाघळला की मागच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. सूनही रुमाल घेऊन तयार होती, फक्त पाणी येत नव्हतं. मग निवेदकानं बाईंपुढे माइक धरला.

"आईसाहेब, असा मुलगा मिळायला भाग्य लागतं. काय सांगाल?"

बाईंनी चष्मा सावरून मुलाला न्याहाळलं.

"हे होय? यांनी मला गाडीतून आणलं. गाडी बरी चालवतात. पण हा माझा मुलगा नव्हे. मुलगा आईला बसस्थानकावर झोपायला लावेल का?"

निवेदकानं माइक झटकन मागे घेतला. बाई उठून जेवणाच्या टेबलाकडे गेल्या आणि पोटभर जेवल्या.

"माझी इज्जत घालवलीस!" मुलगा कानाशी फुसफुसला.

"नसलेली वस्तू जाईल कशी?"

तो त्यांना तिथेच टाकून निघून गेला. बाई बसनं परतल्या. खिडकीशी बसल्यावर मात्र त्या बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिल्या. याच हातांनी त्याला चालायला शिकवलं होतं.

पोरगी बाळाला घेऊन थांब्यावर उभी होती.

"कसं झालं?"

"भाषणं गोडमिट्ट, जेवण अळणी," बाई म्हणाल्या आणि तिच्या खांद्याचा आधार घेत खाली उतरल्या.