दिवाळीतली माझी हजामत

मी संक्रांतवेल बोलतेय, धाड गावच्या संजीवनीच्या दारची. आधीच कबूल करते, माझ्याइतकी बावळट वेल अख्ख्या तालुक्यात नसेल. दर दिवाळीला संजीवनीचे यजमान ज्ञानेश्वरराव कात्री घेऊन माझी हजामत करायचे आणि मला वाटायचं, सणाला घरातल्या पोरांचे केस कापतात तसा माझाही लाडच चाललाय!

माझं माहेर जळगाव जामोद, म्हणजे संजीवनीचंच माहेर. तिथं माझी आई दर संक्रांतीला नारिंगी फुलांनी लगडते. तिचीच एक फांदी संजीवनीनं ओल्या फडक्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन आणली आणि समोरच्या भिंतीशी लावली.

खाणंपिणं झकास. शेणखत, तांदळाचं धुवण, उरलंसुरलं ताक. मीही मिळेल ते गिळलं आणि चाळिशीतल्या बाईसारखी चहूकडून पसरले. फुलाचं मात्र नाव नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बायका आधी माझ्याकडे पाहायच्या, मग संजीवनीकडे. ती बिचारी घाईघाईनं तिळगूळ पुढे करायची.

मागच्या संक्रांतीला ज्ञानेश्वरराव म्हणाले, "आता एकच साल पाहतो. नाई फुलली तं उपटतो न् गाडीसाठी टिनाचं शेड टाकतो."

माझ्या मुळांना घाम फुटला.

तेवढ्यात शेजारच्या बेबीताईंनी कंपाउंडवरून हाळी दिली, "संजीवनी, इकडं ये वं! तुही वेल खाते तुह्याकडं न् फुलते माह्याकडं!"

खरंच की! माझा एक शेंडा गुपचूप भिंतीपलीकडे गेला होता आणि बेबीताईंच्या न्हाणीच्या टिनांवर घोसच्या घोस फुलला होता. देवाशप्पथ, मलाही पत्ता नव्हता. संजीवनीचं तोंड एवढंसं झालं. मग तिनं विचारलं, "ताई, तुमी हिले कधी कापलं नाई?"

"मी काऊन कापू? माहं काय अडलं?"

संजीवनी जागच्या जागी थबकली. आमच्याकडे दिवाळीला भिंत रंगवायची म्हणून मला छाटत होते, आणि संक्रांतीची फुलं त्याच शेंड्यांवर यायची होती. केसांबरोबर फुलंही जात होती, आणि मी मात्र नटल्यासारखी बसायची!

यंदा दिवाळीला ज्ञानेश्वरराव रंगाचा डबा आणि कात्री घेऊन आले, तशी संजीवनी बेसनाच्या हातांनीच भिंतीपुढे उभी राहिली.

"हात नाई लावायचा."

"सणाले भिंत अशीच ठेवतं? लोकं काय म्हणतीन?"

"लोकायले मी संक्रांतीले बोलावते."

शेणखतही तिनं बंद केलं, त्यानं मला नुसती पानंच सुटत होती. एका संध्याकाळी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आता माही लाज राख, बाई."

राखली! पौषाच्या थंडीत मी शेंड्याशेंड्याला कळ्या धरल्या, आणि संक्रांतीला भिंत दिसेनाशी झाली. रस्त्यावरचे लोक गाड्या थांबवून फोटो काढत होते. बायका वाण घ्यायचं विसरल्या. बेबीताईंनी टोमणा न मारता एक घोस केसांत खोवला, यातच सगळं आलं.

आता एवढंच मागणं. कात्री चालवायचीच असेल, तर फुलं गळून गेल्यावर चालवा. मान खाली घालून बसेन.

सगळ्या बायका गेल्यावर संजीवनी कमरेवर हात ठेवून नवऱ्याला म्हणाली, "आता बोला! आहे काही म्हणनं?"

ज्ञानेश्वररावांनी चहाचा घोट घेतला, वरपासून खालपर्यंत भिंत न्याहाळली.

"हाव. खालचा कोपरा राह्यला."