भांडणापुरता लॅपटॉप

तिसऱ्या दुकानातल्या माणसानंही तोच प्रश्न विचारला, "वापर काय आहे, ताई?"

पहिल्या दोन दुकानांत तिनं 'रोजचा, घरगुती' असं सांगून वेळ मारून नेली होती. आता पाय बोलायला लागले होते. सकाळपासून लाँड्रीच्या काउंटरवर उभं राहून लोकांच्या कपड्यांवरचे डाग बघितले, दुपारी अर्धी रजा टाकली, नवऱ्याला घरून सोबत घेतलं आणि तेव्हापासून ही वणवण चालली होती. तिनं पर्स काउंटरवर टेकवली आणि खरं ते सांगून टाकलं.

"भांडायला हवाय."

दुकानदारानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. आधी तिच्याकडे बघितलं, मग मागे स्टुलावर बसलेल्या, गळ्याला सुती रुमाल गुंडाळलेल्या माणसाकडे.

"यांना बोलता येत नाही," ती म्हणाली. "घशाचं ऑपरेशन झालंय. हे टाइप करतात आणि लॅपटॉप ते मोठ्यानं वाचतो. तेवढंच काम. सिनेमा नको, खेळ नको, काही नको."

हा माणूस उभी हयात घाऊक फळबाजारात लिलाव पुकारत होता. बाजारात त्याला सगळे भोंगा म्हणत, आणि ते नाव त्यानं कमावलेलं होतं. चौथऱ्यावर उभं राहून त्यानं पेरूच्या पेटीची बोली सुरू केली की ट्रकमध्ये झोपलेला ड्रायव्हर दचकून उठायचा. घरीही तोच आवाज. यानं प्यायला पाणी मागितलं तरी शेजारीण दारात येऊन विचारायची, काय झालं हो? लग्नानंतरची पहिली कितीतरी वर्षं तिनं "अहो, हळू" एवढं एकच वाक्य म्हणण्यात घालवली. मग घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं, श्वास घ्यायला गळ्याला भोक ठेवलं, आणि घर एकदम गप्प झालं. आता तिला कुणाला हळू म्हणायची सोय उरली नव्हती.

उपाय सगळे करून झाले होते. गळ्याला लावून बोलायचं एक गुणगुणणारं यंत्र मिळालं, ते त्यानं एकदाच लावून बघितलं आणि कपाटात टाकलं. लिहून दाखवणं जमेना, कारण ऑपरेशनमध्ये उजवा खांदा अधू झाला होता आणि अक्षर तर आधीपासूनच असं, की त्याचं त्यालाही लागायचं नाही. मोबाइलवर त्याचा एक अंगठा तीन अक्षरांवर पडायचा. शेवटी पुतण्यानं आपला जुना लॅपटॉप आणून दिला, त्यात वाचून दाखवायची सोय करून दिली, आणि टेबलाला हात टेकून काकांचं जमायला लागलं. सुरुवातीला त्यानं हौसेनं पानंच्या पानं टाइप केली. मग पानांच्या ओळी झाल्या, ओळींचे शब्द झाले, आणि आता कित्येक महिने 'हो', 'नको' आणि 'गोळी' एवढ्यावर संसार चालला होता.

सगळा दोष लॅपटॉपचा, हे तिनं मनाशी पक्कं करून टाकलं होतं. होताच तसा तो मेला. तिनं विचारावं, भाजी कुठली करू, आणि 'कुठलीही' हे उत्तर ताटं घासताना यावं. आवाजही असा मिणमिणता, की नळ सोडला तर काही ऐकू येऊ नये. अशानं माणूस बोलेल तरी कसा? झटकन उघडणारा, खणखणीत बोलणारा लॅपटॉप आणला की नवरा पुन्हा पहिल्यासारखा वचावचा भांडेल, अशी तिची आशा होती. आणि नवा आणूनही तो गप्पच राहिला तर काय, हा विचार ती मनाशी येऊच देत नव्हती.

पहिलं दुकान नव्या लॅपटॉपचं होतं. गार हवा, काचेची टेबलं आणि गळ्यात पट्टा घातलेला विक्रेता. "हा एकदम बेसिक आहे, मॅडम," तो म्हणाला, आणि बेसिकची किंमत ऐकून दोघं आल्या पावली बाहेर पडले. दुसऱ्यानं वॉरंटीचं नाव काढताच विषय बदलला. पुतण्यानं फोनवर लिहून पाठवलं होतं, 'काकू, एसएसडी आहे का विचारा.' तिनं दोन्हीकडे विचारलं. दोन्हीकडे "आहे" असं उत्तर मिळालं. त्यापुढे काय विचारायचं ते पुतण्यानं लिहिलं नव्हतं.

हे तिसरं दुकान दुरुस्तीचं होतं, अरुंद आणि बरंच खोल. भिंतीला लॅपटॉपच्या चळती आणि टेबलावर उघडी पडलेली यंत्रं. "हे रिफर्बिश्ड," दुकानदारानं समजावलं. "कंपन्या जुने झाले की काढून टाकतात. आपण आतून साफ करतो, बॅटरी नवी घालतो, बिजागऱ्या बघतो. सहा महिन्यांची वॉरंटी माझी. दिसायला थोडा ओरखडलेला असेल, पण रोजच्या कामाला नव्याच्या तोंडात मारेल."

"उघडतो किती वेळात?"

त्यानं बटण दाबलं. ती पुढचा प्रश्न जुळवत होती तोवर पडदा उजळलाही. तिला बरं वाटलं.

"आणि आवाज?"

"काका, तुम्हीच टाइप करून बघा ना."

"ते नाही करायचे," तीच म्हणाली. "लोकांसमोर त्यांना संकोच वाटतो. तुम्हीच करा काहीतरी."

दुकानदारानं 'नमस्कार, आज हवा छान आहे' असं टाइप केलं. लॅपटॉप पुरुषी, सपाट आवाजात तेवढं बोलला. आवाज चांगला मोठा होता. दारात चार्जरच्या भावाची घासाघीस करत असलेलं एक गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

"याच्याहून मोठा होईल? मी स्वयंपाकघरात असते, नळ चालू असतो." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत स्टुलावरचा हात पुढे आला आणि त्यानं लॅपटॉप मिटवला.

ती मनातून हरखली. नवरा-बायकोची एक जुनी रीत होती. पुकारणाऱ्यानं स्वतः बोली लावायची नाही, हा बाजाराचा नियम, आणि तो त्याच्या अंगात असा मुरला होता की घरात बादली घ्यायची तरी भाव तीच करायची. तो मागे उभा राहायचा. भाव चढा वाटला की वस्तू उचलून बाजूला ठेवायचा. तरीही उतरला नाही तर सरळ दुकानाबाहेर चालू पडायचा. मग दुकानदार हाका मारायचा आणि सौदा जमायचा. कपाट, पंखा, लेकीच्या लग्नातली भांडी, सगळं याच रीतीनं घरात आलं होतं. आजारपणानंतर तो अशा खेळात पहिल्यांदाच उतरत होता.

"बघा, यांना काही पटलेलं नाही," ती तोऱ्यात म्हणाली. "भावाचं बघा जरा."

दुकानदारानं थोडी किंमत उतरवली आणि लॅपटॉप पुन्हा उघडला. "अजून मोठा करतो आवाज, थांबा." सपाट आवाज आणखी मोठ्यानं म्हणाला, नमस्कार, आज हवा छान आहे. नवऱ्यानं लॅपटॉप पुन्हा मिटवला, या वेळी जरा आपटूनच.

"अहो काका, स्क्रीन!"

"भाव बघा," ती म्हणाली. थकव्यातही तिला मजा यायला लागली होती. तेवढ्यात नवरा स्टुलावरून उठला आणि बाहेर चालू पडला. वा, ती मनात म्हणाली, विसरला नाही काही. तिनं सावकाश पर्स उचलली, दोन पावलं दाराकडे टाकली आणि हाकेची वाट बघितली. हाक आलीच. दुकानदारानं आणखी किंमत सोडली. आता पुरे, माणसाला फार पिळू नये, असं नवऱ्याला खुणावायला ती बाहेर आली.

तो दुकानाच्या बाजूच्या जिन्यापाशी भिंतीकडे तोंड करून उभा होता. खांदे हलत होते. ती अगदी जवळ गेली तेव्हा तिला गळ्यावरच्या रुमालाआडून श्वासाची शिट्टी ऐकू आली आणि मग त्याचा चेहरा दिसला. तो रडत होता. रडण्याला आवाज नव्हता, म्हणून तिला कळलं नव्हतं.

घरात नळाखाली भांडी घासताना आपल्या पाठीमागे हे किती वेळा झालं असेल, असं तिच्या मनात आलं आणि तिला भडभडून आलं.

"काय झालं? खांदा दुखतोय? श्वास अडकतोय का? डॉक्टरांना लावू फोन? दमलात ना, मी सांगत होते रिक्षा करू. भाव जास्त वाटतोय का? अहो, आता परवडेल इतका आणलाय त्यांनी खाली..."

तो मान हलवत राहिला आणि ती एकामागून एक कारणं पुढे करत राहिली. शेवटी त्यानं तिचं मनगट धरलं, तिला दुकानात परत नेलं, स्टूल काउंटरजवळ ओढलं आणि लॅपटॉप स्वतः उघडला. आधी आवाज बंद करायचं बटण शोधून दाबलं. मग दोन बोटांनी टाइप केलं आणि पडदा तिच्याकडे वळवला.

'हा माणूस मला आपल्या घरात नको.'

"मी काय केलं?" दुकानदार दुखावून म्हणाला.

त्यानं बोट पडद्यावर टेकवलं आणि पुढे लिहिलं, 'हा. आत बसून बोलणारा.' थांबला. मग पुन्हा लिहिलं. 'मी टाइप करतो, बोलतो तो. तू मान वळवतेस त्याच्याकडे. उत्तर देतेस ते त्याला. मी तिथे असतो की नसतो, तुला कळतही नाही.'

ती कोपऱ्यातल्या खोक्यावर बसली. तिची पावलं ठणकत होती, आणि आज अर्धं गाव पालथं घालून आपण त्या परक्या माणसासाठी मोठा आवाज शोधत होतो, हे आता तिच्या डोक्यात शिरत होतं. आपण मान वळवतो हे खरं होतं. आवाज जिकडून येतो तिकडे मान जाते, याहून जास्त तिनं त्याचा कधी विचार केला नव्हता. तिला इतकी लाज वाटली की दुकानदाराकडे बघवेना.

दुकानदारानं घसा खाकरला. मग आतल्या फळीवरून एक मोठा, जाडजूड लॅपटॉप काढून फडक्यानं पुसला. "याचा स्पीकर गेलाय, काका. बोर्डातच बिघाड आहे, दुरुस्त करण्यात अर्थ नाही. बाकी मशीन आधीच्यापेक्षा चांगलं, अक्षरं हवी तेवढी मोठी करून देतो. पण मुका म्हणून कुणी हात लावत नाही." जीभ चावून तो थांबला. नवऱ्याच्या ओठांचा कोपरा हलला. हसताना तो आता एवढंच करायचा.

किंमत आधीच्यापेक्षा कमी होती. तरी सवयीनं तिच्या तोंडून निघालंच, "अजून काही..."

नवऱ्यानं बोटांच्या पेरांनी काउंटरवर तीनदा ठोकलं. बाजारात असं ठोकलं की बोली संपली, मग कुणी तोंड उघडायचं नाही. तिनं पैसे काढले.

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडून तो समोर बसला. ती सकाळची भांडी घासायला उभी राहिली, पाठ त्याच्याकडे. थोड्या वेळानं टेबलावर टकटक झाली. पूर्वी असं व्हायचं नाही, नळ बंद केला की जागेवरूनच ऐकू यायचं. ती कुरकुरत, ओल्या हातांनी टेबलाशी आली. अक्षरं भलीमोठी केलेली होती.

'तू माझ्या वतीनं फार बोलतेस. डॉक्टरांशी, पुतण्याशी, आज दुकानात. आणि बरोबर बोलतेस, म्हणून जास्त राग येतो.'

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मग कोणी बोलायचं होतं? कोण होतं दुसरं? लाँड्री सांभाळायची, घर सांभाळायचं, तुमचं दुखणं सांभाळायचं, वर तुमच्या वाटचं बोलायचंही मीच, आणि राग तुम्हाला? हे सगळं अगदी ओठांवर आलं. इतक्या महिन्यांनी समोरून भांडण आलं होतं, हेच तर तिला हवं होतं. पण तिच्यात त्राण नव्हतं. दोघांच्या वाटचं बोलून बोलून ती दमली होती, आणि हे तिला या क्षणापर्यंत कुणी विचारलं नव्हतं, तिनं स्वतःही नाही.

तिनं त्याच्याशेजारची खुर्ची ओढली आणि बसली.

"मग बोला तुम्हीच," ती म्हणाली. "मी दमले. मी गप्प बसते."

त्यानं तिच्याकडे जरा अविश्वासानं बघितलं. मग टाइप करायला लागला. दोन बोटं, मध्येच चुकलेलं अक्षर पुसायचं, पुन्हा शोधायचं. प्रत्येक वाक्याचा शेवट तिला अर्ध्यावरच कळल्यासारखा वाटत होता आणि तो बोलून टाकायला जीभ वळवळत होती. तिनं ओठ घट्ट मिटले.

'एकदाच चुकलीस. ऑपरेशनला आत नेताना डॉक्टरांनी मला विचारलं, भीती वाटते का. तूच म्हणालीस, हे मुळीच घाबरलेले नाहीत, हे कशालाच घाबरत नाहीत. तेव्हा माझ्याकडे आवाज होता.'

त्याची बोटं थांबली. नळ नीट बंद झाला नव्हता, पाणी ठिबकत होतं. ती उठली नाही.

'मी फार घाबरलो होतो,' त्यानं लिहिलं. 'अजून घाबरलेलाच आहे.'

तिनं ते वाचलं. लॅपटॉपवरून मान वळवून त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि काही न बोलता त्याच्या पुढच्या वाक्याची वाट बघत बसली.