आतली उष्णता

साखरपुडा होऊन थोडे दिवस झाले आणि ऋषीच्या ओठाला आतून फोड आला. एकच फोड, कडक, आणि अजिबात न दुखणारा. शनिवार पेठेतल्या त्यांच्या घरातले वैद्यकीय निर्णय वरच्या मजल्यावरच्या हेमामावशी घेत. त्यांनी भाच्याला खिडकीशी उभं केलं, ओठ खाली ओढला आणि चष्म्यातून पाहिलं.

"दुखतं?"

"नाही."

"म्हणजे उष्णता आतली आहे," मावशी म्हणाल्या. दुखलं असतं तर बाहेरची ठरली असती.

रोज सकाळी गच्चीवरच्या जाईच्या वेलाची पानं चावायची, वर गुलकंद खायचा, तिखट बंद. महिन्याभरात फोड गेला. मावशींनी ही बातमी जिन्यात, भाजीवाल्याकडे आणि देवळात पोचवली. ऋषी इंजिनिअर होता, पण गुण आल्यावर वाद कोण घालतो?

मग मंडळाचं रक्तदान शिबिर आलं. ऋषी दरवर्षी रक्त द्यायचा, यंदाही दिलं आणि प्रमाणपत्र घेऊन घरी आला. काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला. बाई फारच गोड बोलत होत्या. पुण्यात अनोळखी माणूस इतकं गोड बोलायला लागला की घाबरावं, हे ऋषीला ठाऊक होतं. तो घाबरतच त्यांनी सांगितलेल्या दवाखान्यात गेला.

"सिफिलिस आहे," तिथल्या डॉक्टर म्हणाल्या. "शरीरसंबंध?"

"नाही."

तो खोटं बोलत नव्हता. आधीची मैत्रीण निकिता आणि तो दोन वर्षं एकत्र हिंडले होते. लग्नाआधी काही करायचं नाही, असं दोघांनी ठरवलं होतं आणि निष्ठेने पाळलंही होतं. तोंडाने जे केलं ते त्यांनी 'काही'मध्ये धरलेलं नव्हतं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मुखमैथुन?"

हा शब्द ऋषीने छापील मजकुराबाहेर प्रथमच ऐकला. "ते... हो. पण त्याने काय होतं? म्हणजे, मूल वगैरे..."

"मूल होत नाही. बाकी बरंच होतं. सिफिलिस, गनोरिया, हर्पिस. कंडोम न वापरता केलं तर तोंडाला होतं, आणि तोंडाकडून पुढच्या माणसालाही होतं. मध्यंतरी तोंडात फोड आला होता?"

"आला होता. जाईच्या पाल्याने गेला."

"तो पाल्याशिवायही गेला असता. फोड आपोआप जातो, आजार अंगात राहतो. पुढे मेंदूपर्यंत पोचू शकतो, गरोदरपणी बाळाला होऊ शकतो. इंजेक्शनने बरा होतो, ते आज देते. जोडीदार?"

"एक होती. एक आहे."

"दोघींना सांगा. दोघींनाही तपासणी लागेल. आणि मी सांगेपर्यंत कुणाच्या जवळ जायचं नाही. चुंबनही नाही."

निकिताला कळवणं सोपं गेलं. तिने 'कळलं, तपासून घेते' एवढंच लिहिलं आणि त्याला ब्लॉक केलं. होणाऱ्या बायकोला, ऋतुजाला कसं सांगायचं, हा खरा प्रश्न होता. ऋतुजा त्याला मनापासून आवडायला लागली होती. ठरवून होणाऱ्या लग्नात असं काही होईल, याची त्याने तयारीच ठेवली नव्हती. आणि निकिताची शेवटची भेट पसंती कळवल्यानंतर झाली होती. साखरपुडा व्हायचा होता, एवढाच त्याला आधार. सांगितलं तर ऋतुजा जाईल, या भीतीने त्याची झोप उडाली. नुसत्या चुंबनांनी तिला काही झालेलंच नसेल, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि आठवडा ढकलला.

रविवारी दोघं कसबा पेठेत तांब्याचं घंगाळ घ्यायला गेली. तांबटांच्या आळीत ठोकाठोक चालली होती. ऋतुजाने एक घंगाळ उलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "अरे, मावशींनी मलाही तो पाला दिला होता. ओठाला आतून फोड आला होता ना. दुखत नव्हता, पण गेला बघ."

ऋषीने तिच्या हातातलं घंगाळ काढून खाली ठेवलं. तो तिला रस्त्याच्या कडेला घेऊन गेला आणि त्याने सगळं सांगितलं. ठोकाठोकीमुळे बरंचसं ओरडून सांगावं लागलं.

"कधी?" तिने विचारलं.

"साखरपुड्याच्या आधी."

"पसंतीनंतर?"

"हो."

ऋतुजाचे डोळे भरून आले. तिने ते रुमालाने पुसले, रुमालाची नीट घडी घातली आणि म्हणाली, "उद्या दवाखान्यात ने. बोलू नकोस. आणि हे घरी तू सांगायचंस. तुझ्या तोंडाने. लग्नाचं मी नंतर बघेन."

घरी सांगण्यापेक्षा ऋषीने मेंदूपर्यंत पोचलेला आजार पत्करला असता.

पुढच्या दोन-तीन दिवसांत ऋतुजाचा रिपोर्ट आला. तिलाही होता. ती इंजेक्शन घेऊन लंगडत बाहेर आली आणि बाकावर बसली. शेजारच्या रिकाम्या जागेवर तिने पर्स ठेवली. ऋषी उभा राहिला.

"मिस्टर ना तुमचे?" नर्सने कागद देताना विचारलं.

"अजून ठरायचंय," ऋतुजा म्हणाली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. हेमामावशी. त्यांचा आवाज समोर उभ्या ऋषीलाही ऐकू येत होता.

"काय गं, पुन्हा आला नाही ना फोड? पाला पाठवू का? खालच्या हॉस्टेलच्या मुलालाही देतेय. अगदी तुमच्यासारखंच आहे त्याचं. आतली उष्णता!"

"नको मावशी. त्या मुलालाही देऊ नका, आधी डॉक्टरकडे पाठवा," ऋतुजा म्हणाली. "ती उष्णता कुणाची होती, ते ऋषी सांगतोय तुम्हाला."

तिने फोन पुढे धरला. चेहऱ्यावर रागही नव्हता आणि दयाही नव्हती. ऋषीने फोन घेतला.

"बोल रे," मावशी म्हणाल्या. "कुणाची?"

"माझी, मावशी," ऋषी म्हणाला. "आणि ती उष्णता नव्हती."

मग त्याने आजाराचं नाव घेतलं. तो कसा झाला तेही, निकितासकट, पसंतीसकट सांगितलं. पलीकडे मावशी गप्प झाल्या. त्यांना गप्प झालेलं आजवर घरात कुणी ऐकलं नव्हतं.

ऋतुजाने बाकावरची पर्स उचलून मांडीवर घेतली.