चौक आल्याचा आवाज

बस चालवण्यात ज्याची उभी हयात गेली त्या माणसाला निवृत्तीनंतर कशात गुंतवावं, यावर घरात बराच खल झाला होता. शेवटी जावईबापूंनी जेवणाच्या टेबलाला एक प्लास्टिकचं स्टिअरिंग आवळून बसवलं, खाली पायाशी ब्रेक-ॲक्सिलरेटर ठेवले, समोर मोठा पडदा लावला आणि कॉम्प्युटरवर बस चालवायचा खेळ घालून दिला. तेव्हापासून, डेपोत सगळे ज्यांना उस्ताद म्हणत ते सासरेबुवा रोज इस्त्रीचा शर्ट घालून ड्यूटीवर हजर होत. त्या टेबलावर जेवायची सोय उरली नव्हती, पण बस वेळेवर सुटत होती.

जावईबापूंचा धंदा असा की दोन ग्राफिक्स कार्डं, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात बसून पडद्यावरची चित्रं काढणारे भाग, आळीपाळीने एकाच मशीनमध्ये बसवायची आणि कुठलं किती पळतं ते व्हिडिओतून जगाला सांगायचं. लग्नाच्या बोलणीत या धंद्याला नाव काय द्यावं यावरून सगळ्यांची तारांबळ उडाली होती. ‘मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे’ यावर तडजोड झाली. या खेपेला त्यांना एक जुनं कार्ड आणि एक नवं कार्ड खऱ्याखुऱ्या घरात, खऱ्या माणसाच्या हाताखाली ताडून बघायचं होतं. जुनं उस्तादांच्या मशीनमध्ये होतंच.

एरवी उस्ताद हसत तयार झाले असते. पण मध्यंतरी एक भानगड झाली होती. मुलीने बॅटरीवर चालणारी नवी गाडी घेतली आणि उस्तादांनी ती पहिल्याच दिवशी पार्किंगच्या खांबाला घासली. ज्याने आयुष्यात बसवर ओरखडा येऊ दिला नाही त्या माणसाने, आणि तेही उभ्या खांबाला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर आहे तोच ठेवला. मग उरलं ते वय. मुलीने किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली.

आता तिनेच वाट काढली होती. नव्या कार्डावर चित्र लख्ख दिसतं म्हणे, म्हणजे सबबीला जागा नाही. त्यावर बाबांनी एक फेरी स्वच्छ काढली तर किल्ली परत, नाहीतर विषय बंद.

“मान्य,” उस्ताद म्हणाले आणि शर्टाचं वरचं बटण लावलं.

जावईबापूंनी सुरुवातीलाच आपला नियम सांगून टाकला. “एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाबा. रस्ता तोच, पडदा तोच, ड्रायव्हर तोच. बदलणार फक्त कार्ड.”

आधी जुनं कार्ड. सगळा रस्ता सोपा होता, अवघड होता तो बाजारचौक. तिथे वळणापलीकडे माणसं, छत्र्या, काचेची दुकानं, पाण्याची डबकी आणि प्रत्येक डबक्यात पुन्हा तीच माणसं. एवढं सगळं काढताना जुन्या कार्डाला घाम फुटे. चित्रं अडखळत, पंखा मिक्सरसारखा ओरडू लागे. उस्तादांनी चौक नेहमीसारखा ओलांडला. एकाही प्रवाशाची पिशवी पडली नाही.

मग जावईबापूंनी मशीन उघडून नवं कार्ड बसवलं. चित्र इतकं साफ आलं की इतके महिने आपण ज्याला झाड समजून चुकवत होतो तो वाहतूक पोलीस आहे, हे उस्तादांना त्या दिवशी कळलं. बस लोण्यातून गेल्यासारखी चालली. जावईबापू खुशीत आकडे वाचत होते. आवाज म्हणाल तर नाहीच. त्याच खुशीत वळण आलं आणि उस्तादांनी बस थेट फळवाल्याच्या गाड्यात घातली.

खेळातल्या बाईने मंजुळ आवाजात प्रवाशांना संयम राखायची विनंती केली. संत्री मात्र फार सुरेख घरंगळली. एकेका संत्र्याची सावली वेगळी दिसत होती.

उस्तादांनी पुन्हा फेरी काढली. पुन्हा तोच फळवाला.

मुलीने पर्सची चेन आधीच उघडून ठेवली होती. ती तिने आवाज न करता बंद केली.

“राहू दे तुझ्याकडेच,” उस्ताद पडद्याकडे बघत म्हणाले. “आधी धूसर दिसायचं म्हणून माझं वय झाकलं जात होतं, एवढंच.”

तेवढ्यात आई, म्हणजे उस्तादांच्या सौ., स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या आणि आज बस निघालीय की संप आहे, असं त्यांनी विचारलं. चहा राहिला होता, आणि त्याचा ठपका त्या बसवर ठेवत होत्या.

“ते खोकं ओरडायला लागलं की मी आधण ठेवते,” त्या जावयाला म्हणाल्या. “चौक यायच्या जरा आधीच ओरडतं ते. मग ह्यांची बस डेपोत आणि माझा चहा कपात. आज मेलं काही ओरडलंच नाही.”

जावईबापूंच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच राहिला. मग त्यांनी जुनं कार्ड पुन्हा बसवलं आणि आपले जाडजूड हेडफोन उस्तादांच्या कानांवर चढवले. यात काही वाजणार नाही, नुसते घाला, असं खुणेने सांगितलं. बस निघाली. वळणाआधी खेळ गर्दीची जुळवाजुळव करू लागला, कार्डाने टाहो फोडला, स्वयंपाकघरात आधण चढलं. उस्तादांना त्यातलं काहीच ऐकू आलं नाही. बस फळवाल्यावर गेली. या वेळी संत्री अडखळत घरंगळली.

“बाबा, तुम्ही कानाने ब्रेक मारता,” जावईबापू म्हणाले.

“ब्रेक पायाने मारतात,” उस्ताद म्हणाले. मग त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. नोकरीभर त्यांच्या गुडघ्याशेजारी झाकणाखाली इंजिन गुरगुरत होतं. वेग किती, चढ किती, गाडीच्या मनात काय, सगळं त्यानेच सांगितलं. वेगाच्या काट्याकडे बघायची सवय लागली नाही, कारण बऱ्याच गाड्यांचा काटा बंदच असे.

मुलगी हळूच म्हणाली, “आणि माझ्या गाडीला आवाजच नाही.”

माफी मागायची त्या घरात पद्धत नव्हती. तिने आपली खुर्ची वडिलांच्या खुर्चीला लावून घेतली. पण किल्ली दिली नाही. नवं कार्ड पुन्हा मशीनमध्ये बसेल, त्यावर चौक जमला की बघू, म्हणाली. उस्तादांना ते रास्त वाटलं. त्यांनी एका कागदावर ठळक अक्षरांत ‘शिकाऊ’ लिहून टेबलाच्या कडेला चिकटवलं आणि काट्याकडे बघायला शिकू लागले. फळवाला रोज त्याच जागी, आदल्या दिवशीचं काही मनात न ठेवता, उभा असे.

जावईबापूंचा व्हिडिओ निघाला. नवं कार्ड सगळ्या बाबतींत सरस ठरलं. आवाजाच्या रकान्यात मात्र त्यांनी लिहिलं: अजिबात नाही, घरच्यांना विचारून घ्या.

एका सकाळी आईंनी चौकाबद्दल विचारलं, तर बस केव्हाच डेपोत लागली होती. उस्ताद हाताची घडी घालून चहाची वाट बघत होते. हे इतक्या शांतपणे झालं होतं की घरात कुणाला पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी स्टिअरिंगशेजारी किल्ली ठेवलेली सापडली.

मुलीच्या गाडीतल्या पहिल्या फेरीला आई शेजारी बसल्या. गाडी निघाल्याचं त्यांना खिडकीबाहेरचा खांब सरकू लागला तेव्हा कळलं. तो जवळ येताच त्यांनी पदर सावरला आणि तोंडाने हलकेच ‘घूंऽऽ’ असा आवाज काढला.

“आता लागत नाही मला ते,” उस्ताद म्हणाले आणि ब्रेकवर पाय ठेवला.