दारे छताला, बॉनेट पलंगामागे

माझ्या पुढच्या काचेत एक पुठ्ठ्याची पाटी आहे. तिच्यावर 'विकणे आहे' ही अक्षरे लाल शाईने लिहिली होती आणि त्यांच्याखाली फोन नंबर काळ्या शाईने. गॅरेजच्या उघड्या दारातून येणाऱ्या उन्हात लाल रंग काळ्यापेक्षा लवकर उडतो. त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्याला आता नुसता नंबर दिसतो. तो कशासाठी आहे, ते कळत नाही. मित्रांनो, मलाही ते नीटसे कळलेले नाही.

मी एक जुनी गाडी आहे. दोन दारांची, दांडग्या इंजिनाची, १९६९ साली डेट्रॉईटमध्ये तयार झालेली. तेव्हा मी हिरवी होते. पुढे एका मालकाने मला लाल केले. सध्या मी राखाडी आहे, कारण रंगाखालचा थर देऊन झाला आणि काम तिथेच थांबले. कागदावर हिरवी, लोकांच्या आठवणीत लाल, डोळ्यांना राखाडी. माझा रंग कोणता, असे कोणी विचारले तर काय सांगावे?

तरुणपणी माझे फार कौतुक झाले. शुक्रवारी संध्याकाळी मी सिग्नलला उभी राहिले की शेजारच्या गाडीच्या काचा माझ्या आवाजाने थरथरत. पण आमच्या ओहायोत हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात. मीठ, पाणी आणि लोखंड एकत्र आले की पुढचे काम आपोआप होते. माझा तळ गंजून गेला. मग मी एका मक्याच्या शेतावरच्या कोठारात पडून राहिले. तिथे कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालत. त्या मला गाडी समजत होत्या की खुराडे, कोण जाणे.

तिथून मला वर्लिन यांनी आणले. ते शाळेच्या बस दुरुस्त करीत. त्यांनी मला एका आठवड्यात पूर्ण उघडले. माझी दारे त्यांनी गॅरेजच्या छताला टांगली. इंजिन कोपऱ्यात जुन्या चादरीखाली गेले. मागच्या सीटवर बसून त्यांच्या पत्नी नोरीन तळघरात कपड्यांच्या घड्या घालतात. बॉनेट पाहुण्यांच्या खोलीत पलंगामागे आहे. बोल्ट कॉफीच्या डब्यांत आहेत आणि डब्यांवर वर्लिन यांनी लिहिले आहे, 'त्याच्या वरचा', 'दुसऱ्यासारखाच'. लिहिताना त्यांना ते अगदी स्पष्ट होते. आता ते डबा हातात घेतात, वाचतात आणि परत ठेवतात.

उघडणे आणि जोडणे यांना सारखा वेळ लागत नाही. त्यांनी माझा तळ नव्या पत्र्याने सुरेख जोडला. नंतर एक योग्य बिजागरी मिळेपर्यंत थांबले, आणि थांबण्याचीच सवय झाली.

मग पाटी लागली. माणसे येऊ लागली आणि माझा गोंधळ वाढला. एक जण म्हणाला, "उन्हाळ्यापर्यंत हिला रस्त्यावर आणतो."

"मीही असंच म्हणालो होतो," वर्लिन म्हणाले आणि त्याला माझा उरलासुरला गंज दाखवत राहिले. शेवटी तोच कंटाळून गेला. दुसऱ्याला फक्त इंजिन हवे होते. त्याला त्यांनी कॉफीसुद्धा विचारली नाही. का विकता, असे विचारले की एकाला ते पाठदुखी सांगत, दुसऱ्याला म्हणत, "नोरीनला गॅरेज हवंय."

"माझ्या नावावर खपवू नकोस," नोरीन आतून म्हणत.

आता तर घरच विकले गेले आहे. दोघे मुलीजवळ, ॲरिझोनात, दोन खोल्यांत राहायला जाणार. मी शनिवारपर्यंत गेले नाही तर सोमवारी भंगारवाल्याचा ट्रक येणार, असे नोरीन यांनी बजावले होते.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी वस्तू अशी अर्धवट उघडून पडली असेल. तिला धूळ लागली तरी चालते. पण ती कशासाठी ठेवली आहे, ते एकदा ठरवा. न ठरवलेल्या वस्तूला स्वतःचाही पत्ता राहत नाही.

शनिवारी केंड्रा नावाच्या बाई आल्या. त्या शाळेतल्या मोठ्या मुलांना वेल्डिंग शिकवतात. जमिनीवर एक पुठ्ठा अंथरून त्या सरळ माझ्याखाली शिरल्या.

"हे जोडकाम कोणाचं?" त्यांनी खालूनच विचारले.

"माझं."

"माझ्या पोरांना दाखवायला हवं. मग का विकताय?"

"पाठ..."

"वर्लिन, पाठीचं नाव काढू नकोस," दारातून नोरीन म्हणाल्या. "काल तू पियानो उचललास."

"अर्धाच."

"हो, जड अर्धा."

केंड्रा बाहेर येऊन हात पुसू लागल्या. वर्लिन यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "तुम्ही पूर्ण कराल?"

"सांगता येत नाही. दरवर्षी नवी पोरं येतात. या वर्षीची दारं बसवतील. पुढचं पुढची बघतील."

आता वर्लिन गंज दाखवतील, असे मला वाटले. त्यांनी फडताळावरून एक डबा उचलला, वाचला आणि तो केंड्रांच्या हातात दिला.

"नोरीन," ते म्हणाले, "माझ्या हातून ही पूर्ण व्हायची नाही. घेऊन जाऊ दे यांना."